उसना हात

ताईचा चेहरा आता मला फोटोतूनच आठवतो, आवाज मात्र अजून कानाला लागतो. मी अकरा वर्षांची होते. सकाळी सहाला फोन वाजायचा. आई बार्शी डेपोत ड्यूटीला निघालेली असायची. एसटीचं तिकीट मशीन खांद्याला अडकवता अडकवता ती फोन स्पीकरवर टाकायची, आणि पलीकडून विमानशाळेच्या माळावरच्या वाऱ्यात ताई गायला लागायची. विमान उडवण्याआधी त्याच्याभोवती फिरून ते तपासावं लागतं. ही तपासणी तिने ओवीत बांधली होती.

पहिली माझी ओवी, पंखाच्या कडेला
हात फिरवीते बाई, जसा वासराच्या पाठीला
दुसरी माझी ओवी, टाकीच्या तळाला
थेंब पाण्याचा शोधिते, काढिते बाजूला

"अगं, लोकं ऐकतील की तिथं," आई म्हणायची.

"ऐकू देत. विमानाला पण कळायला नको का, कोण आलंय ते?"

आमची ताई, वैजयंती भिंगारदिवे, उड्डाणाच्या एकशे बाराव्या तासाला अपघातात गेली. वैमानिकाचं व्यावसायिक लायसन्स मिळायला दोनशे तास लागतात. विमान धावपट्टीकडे वळत होतं, उंची होती दोनशे ऐंशी फूट. शेजारच्या सीटवर तिचे शिक्षक होते, कॅप्टन सदानंद रणनवरे. ते वाचले. कंबरेचं हाड मोडलं, चाल थोडी लंगडी झाली, एवढंच. चौकशीत त्यांनी सांगितलं की मुलगी घाबरली, तिने स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा, पोटाशी ओढून धरली, आणि त्यांनी जीव तोडून पुढे ढकलली तरी तिने सोडली नाही. विमानातल्या दोन्ही स्टिक आतून एकाच सळईला जोडलेल्या असतात. स्टिक कुठे होती ते यंत्राने नोंदलं होतं. कोणाच्या हाताने तिथे गेली, ते नोंदणारं काही नव्हतं. नोंद नव्हती, म्हणून सरांचा शब्द राहिला.

डेपोत लोक आईला कळवळून म्हणायचे, "पोर घाबरली हो. दांडा ओढून धरला म्हणं." आई तिकीट फाडायची आणि पुढच्या प्रवाशाकडे वळायची.

*

दहा वर्षांनी मी त्याच माळावर, त्याच शाळेत शिकायला आले. एव्हाना मोठी विमानं आपली आपणच उडू लागली होती. कॉकपिटमध्ये एकच माणूस उरला होता, आणि त्याचा हात वर्षानुवर्षं मांडीवर पडून असायचा. मग दोन-चार ठिकाणी यंत्रं ऐन वेळी गप्प झाली आणि माणसांचे हात सगळं विसरलेले निघाले. जुने वैमानिक निवृत्त होत होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे हातही जात होते. ते हात राखून ठेवायचे, म्हणून ही पट्टी निघाली.

मेंदूने हुकूम दिला की तो स्नायूपर्यंत विजेच्या बारीक कुजबुजीने पोचतो. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये बांधायची ही पट्टी ती कुजबूज ऐकते. एखाद्या मुरलेल्या वैमानिकाच्या हाताला ती वर्षानुवर्षं बांधून ठेवायची. वेग इतका, उंची इतकी, वारा असा, तेव्हा हाताने काय केलं, हे सगळं यंत्राला शिकवायचं. मग तशीच पट्टी शिकाऊ मुलाच्या हाताला बांधली की ती उलटं काम करते. तीच कुजबूज ती त्याच्या स्नायूंना ऐकवते. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळतं. करंट इतका बारीक की मनात आणलं तर मोडता येतो, पण मोडावासा वाटत नाही. लहानपणी कोणी मागे उभं राहून, आपल्या हातावर हात ठेवून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं, तसं वाटतं.

आता नियमच आहे की दोनशेपैकी दीडशे तास तरी मंजूर हातासोबत उडवायचे. देशात असे चारच हात मंजूर आहेत. त्यांतला एक कॅप्टन रणनवऱ्यांचा. ताईच्या अपघाताच्या आधीपासून सहा हजार तास ऐकून तयार केलेला.

आमच्या शाळेत त्याला नुसतं 'हात' म्हणत. सकाळी पट्टी बांधण्याआधी ती कपाळाला लावायची, अशी रीतच पडली होती. कोणी सांगितलं नव्हतं. देवळात पायरीला हात लावतो तसं ते आपोआप व्हायचं.

सर माणूस म्हणून गोड. आवाज कधी चढायचा नाही. वर्गात ताईचा फोटो होता, त्याला रोज ताजा हार. मी आले त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या बहिणीकडून एकच चूक झाली, शलाका. ती तू भरून काढ." दरवर्षी ती गेली त्या तारखेला ते नव्या मुलांना फोटोसमोर उभं करून हेच सांगायचे. वैजयंतीने एकच चूक केली. स्टिक सोडली नाही. तुम्ही ती करू नका.

मी त्यांच्या पाया पडले होते. खरं सांगते, तेव्हा मनापासून पडले होते.

*

एकशे त्रेपन्नावा तास. मी एकटीच होते, वारा अवखळ होता. धावपट्टीकडे डावं वळण घेताना मागून झुळूक आली आणि वेग पडला. अशा वेळी विमानाचं नाक खाली करायचं असतं. जमीन जवळ दिसते, जीव वर ओढ म्हणतो, पण ओढलं की पंखांखालची हवा सुटते आणि विमान दगडासारखं पडतं. त्याला स्टॉल म्हणतात. पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. खाली कर, खाली कर, खाली कर.

मी खाली करायला गेले. आणि माझा हात मागे निघाला.

हात माझा आणि ओढ भलत्याचीच. मी दातओठ खाऊन ती मोडली, नाक खाली दाबलं, वेग आला, उतरले. पट्टी सोडली तेव्हा दंडापर्यंत काटा होता. चौकशीचा अहवाल मला पाठ होता. उंची दोनशे ऐंशी. डावं वळण. मागून वारा. वेग अठ्ठेचाळीस. स्टिक पूर्ण मागे, चार सेकंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिम्युलेटर रिकामा होता. मी पट्टी बांधली, अहवालातले आकडे जसेच्या तसे भरले आणि हात सैल सोडला. हात मागे गेला. चार सेकंद धरून राहिला, मग मेल्यासारखा गळाला. मी एकतीस वेळा केलं. एकतीसही वेळा चार सेकंद. उंची सहाशे ठेवली तर काहीच नाही. हात शहाण्यासारखा नाक खाली करायचा.

ते कसं, हे कळायला मला चार दिवस लागले. स्टॉलचा सराव नियमाने उंचावरच करतात. तीनशे फुटांवर मुद्दाम कोण करणार? सरांच्या सहा हजार तासांत त्या जागेची, त्या वेगाची, तशा वाऱ्याची आठवण एकच होती. त्या दिवशी आपण पट्टी बांधली नव्हती, असं सरांनी चौकशीत सांगितलं होतं. पण ती त्यांच्या हाताला होती. अपघातानंतर कोणीतरी ती पट्ट्या चार्ज करायच्या पेटीत ठेवली, पेटीने तिच्यातलं सगळं नेहमीसारखं पट्टीच्या कंपनीकडे धाडलं, आणि यंत्राने ते मुकाट्याने शिकून घेतलं. यंत्राला आठवण आवडती-नावडती नसते. सरांना स्वतःला हे माहीत असणं शक्य नव्हतं. आपला हात स्वतःलाच कोण बांधून घेतो?

ताईने ओढली नव्हती.

त्या दिवसापासून मी रोज पट्टी कपाळाला लावली, रोज सरांच्या पाया पडले आणि रोज मनात एकच ओवी घोळवली.

वैर माझं बाई, मी निखाऱ्यागत राखलं
राखेच्या पांघरुणात रोज फुंकरीनं जपलं

*

कँटीनमध्ये सकाळी सुशीला असायचा, चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे. जुई लोखंडे माझी खोलीतली सोबतीण. तिचे एकशे चौसष्ट तास झाले होते. तिला मी सगळं सांगितलं. ती शेंगदाणे वेचून खात होती, थांबली.

"सिम बिघडला असंल."

"एकतीस वेळा?"

"बरं. मग लिही की वर. कागद पाठव."

"पाठवणार आहे. पण कंपनी हेच म्हणेल, सिम बिघडला. आणि मला कागद नकोय, जुई. मला त्यांचं तोंड बघायचंय."

"आणि मग हात रद्द." ती माझ्याकडे बघत राहिली. "हात रद्द म्हणजे त्या हातासोबतचे तास रद्द. तुझे एकशे अठ्ठ्याण्णव. अगं बाई, दोन राहिलेत तुझे! दोन! आणि माझे एकशे चौसष्ट. माझ्या आईनं वर्षभर मला तोंडसुद्धा दाखवलं नाही इथं आले म्हणून. तिला काय सांगू? मैत्रिणीच्या बहिणीपायी शून्यावर आले म्हणू?"

"परवा तुझा सोलो आहे, एकटीच असशील. वारा फिरला आणि हाताने ओढलं तर?"

"तू मोडलंस ना? मी बी मोडीन."

"ताईला नाही मोडता आलं. तिथे तो खरा हात होता."

जुईने ताटली माझ्याकडे सरकवली. "लोकांचा जीव वाचवायचाय असं सांगू नको मला. तुला सूड पायजे."

"हो."

"मग तसं म्हण की! उगं माझ्या सोलोचं नाव कशाला घेती?"

तिचं खरं होतं. इतरांचा विचार मला मागाहून सुचला होता. आधी सुचलं होतं ते सरांचं तोंड. मी हात धुऊन आले तेव्हा ती खिडकीशी उभी होती.

"उद्या तुझ्या परीक्षेला टॉवरवर माझीच ड्यूटी आहे," ती म्हणाली. "मी काय ऐकलं नाही, मला काय माहीत नाही." थोडं थांबून पुढे म्हणाली, "माझा सोलो मात्र मी आजारी म्हणून पुढं ढकलते. तुझं काय व्हायचं ते होईस्तोवर."

*

शेवटचे दोन तास परीक्षेचे. शेजारी सर. त्या दिवशी ऊन लख्ख होतं, खाली तुरीची शेतं पिवळी. सरांनी पेढे आणून ठेवले होते, ऑफिसातल्या टेबलावर. त्यांना माझा अभिमान होता. तोच मला सगळ्यात बोचत होता.

पहिला तास मी इतका सुंदर उडवला की ते दोनदा "वा" म्हणाले. मग मी धावपट्टीच्या बरोबर डोक्यावर आले, जमिनीपासून एकवीसशे फुटांवर.

"सर, आता मी उंचीच्या काट्याची खिडकी बदलतेय."

उंचीचा काटा खरं तर हवेचा दाब मोजतो. आजचा दाब किती, ते त्याला एका छोट्या खिडकीत सांगावं लागतं. खोटं सांगितलं की तो खोटं दाखवतो. आणि पट्टीला उंची कळते ती त्या काट्याकडूनच. मी बटण फिरवत गेले. दोन हजार शंभर. पंधराशे. आठशे. तीनशे.

"हे काय करतेस?"

"काट्याला अठराशे फूट खोटं सांगितलंय. भिऊ नका, खाली भरपूर हवा आहे. पण तुमच्या हाताला वाटतंय, तीनशेच आहेत."

"शलाका, आकडा पूर्ववत कर."

"वारा मागून आहे, सर. मी डावीकडे वळतेय. आता वेग कमी करते. त्रेपन्न. पन्नास. ही जागा ओळखीची वाटते का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला जे बघायचं होतं ते तिथे उमटायला लागलं होतं, पाण्यात शाई पसरते तसं.

अठ्ठेचाळीस. स्टॉलचा भोंगा वाजू लागला. माझा हात मागे निघाला, आणि मी काहीच केलं नाही. तेवढंच केलं.

एक. स्टिक माझ्या पोटाशी आली. त्यांच्या बाजूची त्यांच्या पोटाशी गेली. डावा पंख कोसळला, आभाळ खिडकीतून निसटलं, तुरीची शेतं समोर उभी राहून गरगरली.

"सोड!"

दोन. त्यांनी दोन्ही हातांनी पुढे ढकललं. एकसष्ट वर्षांचा माणूस एकावन्न वर्षांच्या स्वतःच्याच हाताशी झोंबत होता, आणि तो हात माझ्या हाताला बांधलेला होता.

"मी धरलेलं नाही, सर!"

"सोड म्हणतो ना!"

तीन. "हा हात तुमचा आहे! तुम्हीच सांगा त्याला!"

चार. काटा शून्याच्या खाली गेला. त्याच्या मते आम्ही केव्हाच जमिनीत गाडले गेलो होतो.

मग हात गळाला. त्या आठवणीला पाचवा सेकंदच नव्हता.

मी उजव्या पायाने सुकाणूचं पेडल दाबलं, स्टिक पुढे टाकली. गरगर थांबली, नाक हळूहळू वर आलं, आभाळ आपल्या जागी बसलं. खरी उंची हजार फुटांच्या थोडी वर उरली होती. मी खिडकीतला आकडा बरोबर केला. मग दातांनी पट्टीचा बंद सोडवला आणि ती सरांच्या मांडीवर टाकली. आताच्या पट्ट्या पेटीची वाट बघत नाहीत; चार सेकंदांची ही नोंद कंपनीकडे कधीच पोचली होती, आकड्यांसकट. माझे एकशे नव्व्याण्णव तास त्या क्षणापासून कोणाचेच नव्हते.

मला वाटलं होतं, गार वाटेल. दहा वर्षं तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसं. तसं काही झालं नाही. शेजारी एक म्हातारा माणूस दोन्ही तळवे मांडीवर उपडे ठेवून बसला होता. पण दया आली नाही, हेही सांगते. अजून पुरेसं झालं नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"एकशे त्रेपन्नाव्या तासापासून."

"म्हणजे दीड महिना." त्यांनी मान हलवली. "दीड महिना पाया पडत होतीस."

"तुम्ही दहा वर्षं हार घालत होता."

विमान सरळ चाललं होतं, आता नुसत्या माझ्या हाताने. तो हात थोडा अडखळत होता, नव्याने चालायला लागल्यासारखा.

"मला विचारायचंस, पोरी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली आमची धावपट्टी, तिच्या टोकाला बाभळी.

रेडिओ खरखरला. जुईचा आवाज, ड्यूटीचा, पण काठावर कापणारा. "शलाका, टॉवर बोलतेय. उंची एकदम का गेली? सगळं ठीक आहे ना? ऑफिसातली सगळी इथं वर आलीत, ऐकतायत. काय झालं?"

मी बटणाकडे हात नेला नाही. "तुम्ही सांगा, सर. परीक्षक तुम्ही आहात."

"ही नोंद कंपनीकडे गेली. ते काढतील शोधून. आता माझ्या सांगण्याला काय अर्थ आहे?"

"ते म्हणतील, यंत्राची चूक. आईला यंत्राचं ऐकायचं नाहीये."

जुई पुन्हा म्हणाली, "उत्तर द्या. कोणीतरी उत्तर द्या."

सरांनी हात उचलला. तो बटणापर्यंत जायला फार वेळ लागला. बोट टेकलं, निघालं, पुन्हा टेकलं. त्यांनी घसा साफ केला, रोज सकाळी वर्गात करायचे तसा, आणि आवाज अजिबात न चढवता बोलले.

"टॉवर, मी रणनवरे. दोघं सुखरूप आहोत. आज जे झालं त्यात या मुलीची चूक नाही. आणि दहा वर्षांपूर्वी तिच्या बहिणीची नव्हती. स्टिक मी ओढली होती. जमीन दिसली आणि मी घाबरलो. वैजयंती पुढे ढकलत होती. ती दोनदा म्हणाली, सर, सोडा. चौकशीत मी सांगितलं की ती काही बोललीच नाही." त्यांचं बोट बटणावरून निघालं नाही. "मला ऐकू आलं होतं."